रेणू, ताट बाजूला सारू नकोस

वडगाव, बेळगाव
16 नोव्हेंबर

प्रिय रेणू,

पत्र बघून चकित होशील. तू परीक्षेच्या अभ्यासाला धारवाडला गेल्यापासून फोनवर रोज बोलतो आपण, पण जेवणाची गोष्ट निघाली की तू विषय बदलतेस आणि मी बदलू देते. म्हणून आज लिहायलाच बसले.

शनिवारी गावाकडे गेले होते. सुगी ऐन भरात आहे. तुमच्या खळ्यावर मळणी चालू होती, आप्पा भाताची पोती मोजत होते. काकूंनी मला चुलीपुढे बसवून गरम भाकरी वाढली आणि पहिला घास तोंडात जायच्या आत विचारलं, "आमची रेणू वेळेवर जेवती काय गं? फोनवर 'जेवलो आई' म्हणती, पण पोटात काय न्हाई ते आवाजातच कळतंय." मी म्हटलं, जेवते काकू, खानावळ चांगली आहे. खोटं बोलले. मग तो घास काही केल्या गिळेना. दिवाळीत तू आली होतीस तेव्हा तुझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. न्हाल्यावर फणीत आलेला केसांचा गुंता तू घाईघाईने कागदात गुंडाळून टाकलास, तेही मी पाहिलं होतं.

तुझा दिवस मला पाठ झालाय. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी तीनला एकदाच खानावळ, रात्री अकराला नूडल्सचं पाकीट, त्यावर कॉफी. मंगळवार-शुक्रवार उपास. तू कधी बोलली नाहीस, पण यामागचं कारण मला माहीत आहे. आप्पांनी भात विकून पाठवलेल्या पैशातला रुपया न् रुपया तुला टोचतो. निकाल हातात येईपर्यंत पोटभर जेवायचा आपल्याला हक्क नाही, असं तुला वाटतं. मला हे कळतं, कारण सीएच्या फायनलच्या वेळी मीही हेच करत होते. तेव्हाची गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती, आज पुरी सांगते.

टिळकवाडीत तिघींनी मिळून खोली घेतली होती. दिवसा ऑफिस, संध्याकाळी क्लास, रात्री अभ्यास. लावलेला डबा मी दोन महिन्यांत बंद केला. वेळ वाचेल, पैसेही वाचतील, असा हिशोब. चहा-टोस्टवर दिवस काढायचा आणि भूक मेली की बरं वाटायचं, चला, एक काम कमी झालं. एका सराव परीक्षेत ताळेबंद लिहीत होते. एकाच बाजूची बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी आली. आकडे जागेवरून हलताहेत असं दिसायला लागलं. हात गार पडले. उठून दारापर्यंत गेले, पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा गालाला फरशी लागत होती आणि कुणीतरी माझी चप्पल शोधत होतं.

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.4. बायकांचं 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरीणबाईंनी काय खातेस हे नंतर विचारलं, आधी विचारलं, "चहा किती वेळा घेतेस?" सहा-सात वेळा, मी म्हटलं. लोहाच्या गोळ्या मला त्याआधीही कुणीतरी दिल्या होत्या आणि त्या मी सकाळच्या चहाबरोबरच गिळत होते! चहातलं टॅनिन अन्नातलं लोह धरून ठेवतं, अंगाला नीट लागू देत नाही. गोळी असो की मेथीची भाजी, वरून चहा प्यायलीस की बरंचसं वाया. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको, हे एवढं एकच पथ्य त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आणि उलट, भाजीवर लिंबू पिळलं किंवा आवळा खाल्ला तर तेच लोह जास्त लागू पडतं. मला 11 च्या वर यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जो अभ्यास बुडाला, तो डबा बंद करून वाचवलेल्या तासांच्या कितीतरी पट होता.

आणि आपण दोघीच नाही गं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणून सांगते, तुझं केस गळणं, जिना चढताना धापणं, हे सगळं 'अभ्यासाच्या ताणाने होतंय' म्हणून सोडून देऊ नकोस. या आठवड्यात रक्त तपासून घे. आकडा मला कळव, कितीही असला तरी.

तुझा मेंदू अंगाच्या वजनात जेमतेम 2 टक्के भरतो, पण अंगातली सुमारे 20 टक्के ऊर्जा एकटा खातो. रात्री पाठ केलेले कन्नड शब्द सकाळी आठवत नाहीत म्हणून तू रडलीस त्या दिवशी. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना तो सक्तीचा कन्नड पेपर किती जड जातो, हे मला सांगायला नको. पण रेणू, पोट रिकामं आणि झोप अर्धी असताना शब्द टिकणार कुठे? कॉफीने डोळे उघडे राहतात, डोक्यात काही राहत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको म्हटलंय. फिल्टर कॉफीच्या 150 मिलिलिटरच्या एका कपातच 80 ते 120 मिलिग्रॅम असतं. तू रात्री दोन मोठे मग पितेस. शिवाय प्यायल्यानंतर पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. शेवटची कॉफी दुपारी चारला, त्यानंतर नाही. हे माझ्यासाठी कर.

खरं तर धारवाडसारख्या गावात राहून उपाशी राहणं म्हणजे विहिरीच्या काठावर तहानलेलं राहणं. तुझ्या खोलीजवळची ती लिंगायत खानावळ आठव. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, मटकीची उसळ, भरल्या वांग्याची येणगाई, कच्ची मेथी, मुळा, काकडी, वर शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी आणि दही. भाकरीत जे कमी असतं ते उसळीत असतं, उसळीत जे कमी ते भाकरीत. अर्धं ताट भाजीपाला-फळांचं असावं, असं ती मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि खानावळवाली काकू त्यातला भाजीपाला न सांगता वाढते. तू मात्र तीन वाजता जातेस, तेव्हा भाज्या संपलेल्या असतात आणि तू भाताचा डोंगर आणि आमटी खाऊन येतेस, मग पाच वाजेपर्यंत पेंगतेस. एक वाजता जा. भाकरी आधी खा, भात मागून थोडा घे. आणि त्या काकूशी कन्नडमध्ये बोलत जेव. रोज अर्धा तास कन्नड कानावर पडेल, तोही अभ्यासच. त्या तुला "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, असं विचारतात आणि तू जेवली नसतानाही मान हलवतेस, असं तूच सांगितलं होतंस. आईला मराठीत आणि त्यांना कन्नडमध्ये, दोन्हीकडे तेच उत्तर देतेस.

सकाळसाठी आंबील कर. हसू नकोस, खानापूरच्या पोरीला आंबील शिकवतेय म्हणून. चुलीवरची आपल्याला येते, खोलीतली वेगळी. रात्री झोपताना दोन मोठे चमचे नाचण्याचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेव. सकाळी त्याला किंचित आंबूस वास आला पाहिजे. इंडक्शनवर दीड भांडं पाणी उकळलं की ते पीठ बारीक धारेने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. चार-पाच मिनिटांत रंग गडद होतो, वर चकाकी येते, कच्चा वास जातो. उतरवून कोमट झाली की ताक, मीठ, ठेचलेली लसणीची एक पाकळी. बरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे. दहा मिनिटांचं काम आणि दुपारी एकपर्यंत पोट शांत. 100 ग्रॅम नाचण्यात साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा स्वस्तही पडतं, म्हणजे आप्पांच्या पैशाचीही काळजी नको.

उपासाचं कसं बोलावं कळत नव्हतं. यल्लम्मा आईचा नवस आहे, मोडायला मी सांगणार नाही. पण गावी काकूंनाच विचारलं मी. त्या म्हणाल्या, "शुक्रवारचा एकच कर म्हणावं, आई काय उपाशी पोरीला बघून खूश होती व्हय?" तर मंगळवार सोड. शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी नको, त्यात नुसता पिठूळपणा असतो. त्याऐवजी उकडलेली रताळी, शेंगदाणे, दूध, एखादं केळं. रताळी तर आता आपल्याकडची निघताहेत, गणपत गल्लीच्या बाजारात ढीग लागलेत.

आणखी एक. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साधी सरकारी बस फुकट आहे आणि तू तीन-तीन महिने घरी येत नाहीस, का तर वेळ जातो. धारवाडहून बेळगाव दोन तास. महिन्यातून एक रविवार ये, बसमध्ये कन्नडची वही वाच. काकूंच्या हातचं जेव, आप्पांच्या शेजारी बस. ते पोती मोजताना मला म्हणाले, "यंदा वजन बरं हाय, रेणूला सांग." एवढंच म्हणाले.

या रविवारी मात्र मीच येतेय. काकूंनी पिशवी भरून दिली आहे: पाच किलो नाचण्याचं पीठ, कारळ्याची चटणी, आपल्या शेतातले शेंगदाणे, मोरावळ्याची बरणी आणि वर फडक्यात बांधलेली रताळी. आठच्या बसला बसते, दहाला स्टँडवर ये. येताना चहा पिऊन येऊ नकोस, एकला आपण दोघी खानावळीत जाऊ.

तुझीच,
अश्विनी