बंड्या, आकडा तूच सांग

पुणे, २२ जून २०२५

प्रिय बंड्या,

स.न.वि.वि. दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन मेसेज ‘निवांत उत्तर देऊ’ म्हणून ठेवले, ते अजून तसेच पडलेत. सगळं मान्य. शिव्या एका दमात घालून घे आणि मग पुढे वाच. माझी शुगर आहे तिथेच आहे, हिचा गुडघा आहे तिथेच आहे, तुझ्या माई ठणठणीत. आता मुद्दा. तुझ्या अण्णांच्या जुन्या फियाटवर झाड पडलं.

झाड म्हणजे फांदी. पण गुलमोहराची फांदी म्हणजे काय ते तुला सांगायला नको, एस.पी. कॉलेजच्या मागच्या गल्लीत तुझी सायकल कशी चेपली होती आठव. मे महिन्यातला तो धिंगाणा पाऊस तू बातम्यांत पाहिला असशील. मी खिडकीत चहा घेऊन उभा होतो. कड्कन आवाज झाला आणि बघता बघता छप्पर खोलगट थाळीसारखं खाली बसलं. पुढची काच गेली, डावा खांब वाकला. इंजिनाला ओरखडा नाही. गंमत म्हणजे चोक ओढून किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू झाली. हिवाळ्यात कधी होत नाही.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. त्याचं कारण झाड नाही, पुढे आहे.

विम्याचा सर्व्हेअर आला. पोरगा पंचविशीचा, सभ्य. ‘काका, हे स्टिअरिंगवर काय आहे?’ म्हणाला. गिअर आहे म्हटलं तर त्याने आधी त्याचाच फोटो काढला. मग डेंटरचा अंदाज बघितला: अडुसष्ट हजार. मग पॉलिसी बघितली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला दहावीचा निकाल आठवला. आयडीव्ही, म्हणजे विम्याला धरलेली गाडीची किंमत, तीस हजार. नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. म्हणजे साडेबावीस हजारांच्या पुढे आपली फियाट कागदावर मेलेली. एक हजाराची सक्तीची कपात, भंगाराचे चौदा हजार वजा, हातात पंधरा हजार. आणि गाडीची नोंदणी (आरसी) रद्द करून आणा, असंही वर.

बंड्या, तो तीस हजारांचा आकडा कंपनीने लादलेला नाही. मी लिहिलाय. दर वर्षी एजंट विचारायचा, ‘साहेब, व्हॅल्यू काय टाकू?’ आणि मी म्हणायचो, ‘टाक रे काहीतरी, प्रीमियम कमी येईल असं बघ.’ अकरा वर्षं हेच. वर्षाला हजारभर रुपये वाचवायला मी अण्णांच्या गाडीची किंमत सहीनिशी तीस हजार मांडत आलो. आमच्या हिची स्कूटर त्याहून महाग आहे.

क्लेम मागे घेतला. नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, तेवढी शाबूत राहिली, पूर्ण ५० टक्के. तीस हजारांच्या गाडीवर त्याचे रुपये किती होतात ते विचारू नकोस.

मग बसलो वाचत. तुला हसू येईल, ज्याने लॉ कॉलेजचं पहिलं वर्ष दोनदा केलं तो आता पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचतो. गंमत ऐक. नव्या गाडीची किंमत कशी उतरते ते कोष्टकात ठरलेलं आहे: सहा महिन्यांत ५ टक्के, मग १५, २०, ३०, ४०, पाचव्या वर्षी ५०. आणि पाच वर्षांच्या पुढे कोष्टकच संपतं! तिथून पुढे, किंवा बंद पडलेल्या मॉडेलला, आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या परस्परसंमतीने ठरते. एकदा ठरली की वर्षभर तीच बाजारभाव धरायची, टोटल लॉसच्या वेळी वरून घसारा लावायचा नाही. म्हणजे तू तिकडे ऑस्ट्रेलियात तुझ्या होल्डन गाडीला जे ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ घेऊन मिरवतोस ना, त्याचा गरीब चुलतभाऊ आमच्याकडे होताच. फक्त संमती द्यायला बसलेला माणूस ‘टाक रे काहीतरी’ म्हणत होता.

खरी ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ नावाची चीजही आहे आपल्याकडे. जुन्या मोटार टॅरिफमध्ये (विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात) तिचं वेगळं कलम आहे, पण फक्त व्हिंटेज गाड्यांना. आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली, वर व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबचं सर्टिफिकेट. आपली १९७३ ची. तेव्हा तिचं नाव पद्मिनीसुद्धा नव्हतं, प्रीमियर प्रेसिडेंट. अण्णा मात्र मरेपर्यंत फियाटच म्हणाले.

मग एजंट म्हणाला, ‘साहेब, २०२१ पासून आरटीओत पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते की.’ येते. आपली बावन्न वर्षांची आहे, जुना नंबर ठेवता येतो (बेरीज नऊ, अण्णांनी त्यासाठी तीन आठवडे थांबून घेतलेला), पुनर्नोंदणीला पाच हजार, दहा वर्षं काळजी नाही. थर्ड पार्टीचा हप्ताही निम्मा, ३४१६ चे १७०८. मी फॉर्म भरायलाच बसलो होतो. मग कळलं की तशी नोंदली की रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, संपलं. माईंना चतुर्थीला सारसबागेत न्यायचं, त्याला रॅली म्हणायचं का? तुमच्याकडे बरं आहे, क्लब परमिट घ्यायचं, वर्षाचे नव्वद दिवस, निघताना डायरीत तारीख टाकायची. आमच्याकडे एक तर रोज चालवा नाही तर काचेत ठेवा. एका दाराला पन्नास वर्षं झालेली व्हिंटेज, दुसऱ्या दाराला १९४० च्या आधीची व्हिंटेज, आणि आपण दोघांच्या मधल्या बोळात.

शिवाय ‘मूळ रूपात’ हवी. इथे तू आता बस, पाणी पी.

डेंटरने छप्पर ठोकून काढण्यात अर्थ नाही म्हटलं. मुंबईत मोडीत निघालेल्या एका टॅक्सीचं छप्पर त्याच्या ओळखीच्याकडे पडलेलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली तेव्हापासून म्हणे असा माल कधीमधी मिळतो. मी हो म्हटलं. परवा बघायला गेलो. भवानी पेठेतल्या त्या बोळात अण्णांची राखाडी फियाट उभी, आणि डोक्यावर पिवळंधमक छप्पर. रंग द्यायचा आहे अजून. पण मी दहा मिनिटं तिथे नुसता उभा होतो. १९९८ मध्ये तुझ्या त्या टॅक्सीवाल्याने पस्तीस हजार देऊ केले होते, अण्णांनी बावीस हजारांत मला दिली, आणि तू विमानात बसेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. घे, अखेर तुझा टॅक्सीवाला जिंकला. वरून बघितलं तर ती टॅक्सीच आहे.

(आणि हो, तेरा हजारांचं तुझं रडगाणं सत्तावीस वर्षं ऐकतोय. अण्णांनी विकली त्यांच्या मर्जीने. पुन्हा काढू नकोस. मी काढला तर चालतो.)

पॉलिसी ९ जुलैला संपते. या वेळी मी आकडा नीट ठरवणार. ऑनलाइन फॉर्मवर किमतीचा खुंटा पुढे सरकवायला गेलो तर चाळीस हजारांच्या पुढे हलेना, म्हणून कागद घेऊन शाखेत जाऊन बसलो. ते म्हणाले व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणा, फोटो आणा, मग बोलू. हप्त्याचं फार नाही. थर्ड पार्टी तेवढीच राहते, स्वतःच्या नुकसानीचा भाग आकड्याबरोबर चढतो, वर १८ टक्के जीएसटी. मी हिला सांगितलेला हप्ता आणि खरा हप्ता यात थोडं अंतर आहे, पत्र घरी फोटो काढून पाठवू नकोस.

आणि लाख-दोन लाख लिहिले तरी छोट्या धडकेत फायदा नाही, तेही कळलं. आकडा मोठा म्हणून पत्र्याचे पैसे पूर्ण मिळत नाहीत. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, रबर-प्लॅस्टिकवर ५०, रंगाच्या मालावर ५०. काचेवर मात्र शून्य. फक्त काच मिळायला हवी! पुढची काच दोन रविवार आणि एक बुधवार जुन्या बाजारात फिरून सापडली, कोपऱ्यात बोटभर दुधी डाग आहे. ड्रायव्हरच्या बाजूला नाही, तुझ्या बाजूला. म्हणजे माईंच्या.

व्हॅल्युअरची हकीकत राहिली. गृहस्थ सत्तरीचे, पूर्वी कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात होते. छप्पर बघून हसले, म्हणाले, ‘आमच्याकडचंच आहे, परकं नाही.’ मग खिशातून लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवायला लागले. बोनेटवर घट्ट चिकटलं. मडगार्डवर चिकटलं. मागच्या डाव्या दारावर खालच्या बाजूला आलं आणि सर्रकन घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. ‘इथे बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरली आहे. जुनं काम. कुणी ठोकली होती?’

मी तुझं नाव घेतलं नाही. पण १९८९ च्या गणपतीत वाड्याच्या दाराला ती कुणी घासली आणि अण्णांना ‘पक्याने’ म्हणून कुणी सांगितलं, हे छत्तीस वर्षांनी चुंबकाने सिद्ध केलंय. त्या दिवशी मला मिळालेली थप्पड तुझ्या खात्यावर आहे. लांबी तूच भरून घेतलीस ना, त्या नाना पेठेतल्या माणसाकडून? तो तरी सांग.

व्हॅल्युअरनी कागद मागितले. बिल नाही. माईंनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पत्र्याची पेटी काढून दिली, त्यात अण्णांची पेट्रोलची वही. तारीख, लिटर, किलोमीटर, आणि शेवटी शेरा. ‘पसरणी घाटात दोनदा थांबलो. पंपावर ओला पंचा.’ इंजिनातला तापलेला पेट्रोलचा पंप थंड करायला घातलेला तो पंचा तुझ्या खांद्यावरचा होता आणि तू उरलेला घाट उघडा बसला होतास, हे अण्णांनी लिहिलेलं नाही. शेवटचं पान १९९८ चं: ‘गाडी प्रकाशला दिली. पंप गळतो, सांगितले आहे.’ सांगितलं नव्हतं रे त्यांनी! पण असू दे.

म्हाताऱ्यांनी वही पुस्तक वाचावं तशी पहिल्यापासून वाचली आणि म्हणाले, ही रिपोर्टला जोडू, हिने फरक पडेल. पण ती १९८४ पासूनची आहे. आधीची वही कुठे आहे विचारलं, तर माई म्हणाल्या, ‘बंडूने नेली. अण्णांची आठवण म्हणून.’

रिपोर्टमध्ये ते आकड्याची जागा मोकळी ठेवतायत. अडीच लाखांपर्यंत मी सही करीन म्हणाले, त्याच्या वर कागद हवेत. डेंटर म्हणतो चार सांगा. एजंट म्हणतो दीड बास. मी एकदा तीस हजार लिहून बसलोय, माझ्यावर माझाच भरवसा नाही. गाडी अण्णांची, बाप तुझा. तू सांग. तू सांगशील तो आकडा मी त्यांच्यापुढे ठेवणार, कमी झाला तर भांडणार.

तुझं काय ते लिही. मानसीचा निकाल लागला असेल, अभिनंदन किंवा सांत्वन जे असेल ते. नवं घर घेतलंस म्हणे, ते माईंकडून कळलं, तुझ्याकडून नाही. डिसेंबरात येताय ना? आलास की पसरणीला जाऊ, पंचा मी आणतो.

पहिली वही लगेच पाठव, मूळ, फोटोकॉपी नको. ९ जुलैच्या आत पोचली पाहिजे. कुरिअरचे पैसे तूच भर. तेरा हजारांतून वळते करू.

तुझा,
पक्या

ता.क. वहीत मध्ये कुठे १९८२ च्या मे महिन्यात ‘मुले गाडी घेऊन गेली, विचारले नाही’ असा शेरा असेल तर ते पान माईंना दाखवणार नाही.