नमुना घेण्यापासून रसायनशास्त्र शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की पंचगंगेत मासे मेल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते आणि ती बहुधा एकाच वाक्यावर थांबते : ‘पाण्याचे नमुने घेण्यात आले असून ते तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.’ पुढे अहवालावर भरपूर चर्चा होते. पण तो नमुना कोणी, कुठून, किती वाजता आणि कशात घेतला, याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे विद्यार्थ्यांसोबत उभे राहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, या अनास्थेचे मूळ आपण रासायनिक विश्लेषण ज्या रीतीने शिकवतो त्यातच आहे.

मासे मेले की पहिली शंका पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जाते. २७ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम असतो, आणि मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो मोजण्याची हंगेरीच्या लायोश विंक्लर यांनी १८८८ मध्ये दिलेली रीत थोड्या सुधारणांसह आजही वापरात आहे. तिला महागडे यंत्र लागत नाही, मात्र तिचा निम्मा भाग नदीकाठीच उरकावा लागतो. काचेची ३०० मिलिलिटरची बाटली आत एकही बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, पिपेटचे टोक पाण्याखाली धरून आधी मँगनीज सल्फेट व मग अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचे, बूच घट्ट लावून बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. म्हणजे मासे का मेले याचा पहिला अंदाज काठावरच येतो. आम्ल घालून साका विरघळवणे आणि स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटने अनुमापन करणे, म्हणजे ते ब्युरेटमधून थेंबथेंब सोडून किती लागले ते मोजणे, हे त्यानंतरचे काम. तेच पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमधून भर उन्हात हिंदकळत आणले, तर वाटेत जिवाणू प्राणवायू संपवतात किंवा हवा मिसळून तो वाढतो, आणि मग अनुमापन कितीही काटेकोर केले तरी हाती येणारा आकडा त्या कॅनचा असतो. वेळेचेही तसेच आहे. शेवाळ माजलेल्या पाण्यात प्राणवायू दुपारी भरपूर असतो आणि पहाटे सर्वांत कमी होतो. मासे पहाटे तडफडले आणि नमुना दुपारी घेतला, तर अहवालात सारे आलबेल दिसू शकते.

आता आपल्याकडचे प्रॅक्टिकल पाहा. बाटलीवर ‘नमुना क्र. २’ अशी चिठ्ठी, आणि आत प्रयोगशाळा सहायकाने सकाळी तयार केलेले मॅग्नेशियम सल्फेटचे द्रावण. इरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक टाकून ई.डी.टी.ए.च्या द्रावणाने पाण्याचा कठीणपणा मोजायचा, लाल रंग निळा झाला की थांबायचे, सारख्या आलेल्या रीडिंगपुढे ‘सी.बी.आर.’ (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) लिहून जर्नलवर सही घ्यायची. एका टेबलावरचे उत्तर दुसऱ्या टेबलावर केव्हाच पोचलेले असल्याने सगळ्यांची रीडिंग दशांशापर्यंत जुळतात, आणि परीक्षेत गुणही अपेक्षित उत्तराच्या जवळ जाण्याचेच मिळतात. मग ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाण्यावर केलेली तीच चाचणी) कशासाठी लावायचा, एकाच जागेच्या दोन बाटल्या का भरायच्या, थायोसल्फेटची तीव्रता पुन्हा पुन्हा का तपासायची, हे प्रश्न विद्यार्थ्याला पडणार कसे? बी.ओ.डी.ची, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची, आपल्याकडील प्रमाण चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. गुरुवारी लावलेली बाटली रविवारी काढावी लागते, म्हणून ज्या तुकडीचे प्रॅक्टिकल गुरुवारी तिने ही चाचणी वहीतच करायची! यातलेच काही विद्यार्थी पुढे कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर नोकरीला लागतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची बी.ओ.डी. लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवी असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणजे अपेक्षित उत्तर तिथेही आधीच ठाऊक असते, आणि रीडिंग जुळवण्याची सवय त्यांना आपणच लावलेली असते.

यंत्रे नाहीत ही सबब नेहमी ऐकू येते. शिसे किंवा कॅडमियम मोजायला अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनसारखे यंत्र लागते हे खरे; पण धातूंच्या नमुन्याची बाटली आधी नायट्रिक आम्लाने धुवावी आणि नमुन्याचा सामू (pH) २ च्या खाली आणून तो टिकवावा, हे शिकवायला कोणते यंत्र लागते? टाकाऊ रसायनांचीही तीच गत. सी.ओ.डी.साठी, म्हणजे पाण्यातील घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा प्राणवायू मोजण्यासाठी, पोटॅशियम डायक्रोमेट, पाऱ्याचे सल्फेट आणि चांदीचे सल्फेट दाट सल्फ्युरिक आम्लात दोन तास उकळतात, आणि ते उरलेले द्रावण नळ सोडून सरळ सिंकमध्ये ओतलेले मी स्वतः पाहिले आहे. प्रदूषण मोजण्याच्या तासालाच पारा आणि क्रोमियम गटारात जातात, याचे कोणाला काही वाटले नाही.

खऱ्या नमुन्यांची वाण नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना फील्ड टेस्ट किटवर पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. हा अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक किटच्या रंगपट्टीवर नजरेने ओळखणे अवघड असते, आणि यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत हातपंपाचे पाणी प्यायचे की नाही हे त्यावरच ठरते. विद्यार्थ्यांनी या महिलांबरोबर नमुने घ्यावेत, तेच पाणी महाविद्यालयात पुन्हा तपासावे आणि दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेतच, ते यासाठी सहज वापरता येतील.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, प्रात्यक्षिक परीक्षेतील निम्मे गुण तरी नमुना घेण्याची नोंद, ब्लँक आणि दोन बाटल्यांमधील तफावतीचे स्पष्टीकरण यांसाठी ठेवावेत. उत्तर ‘चुकले’ तरी ते गुण मिळावेत. आणि आपल्याला विनंती अशी की, नदीच्या पाण्याचा अहवाल छापताना प्रत्येक आकड्याशेजारी नमुना घेतल्याचे ठिकाण आणि वेळ छापावी, आणि संबंधित कार्यालयाने ती दिली नसेल तर तसेही नमूद करावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका (रसायनशास्त्र), कोल्हापूर