स्टोअरमधल्या ताईंना

आदरणीय ताई,

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. फोनवर माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहिते. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते, कारण रत्नागिरीच्या आसपास एखाद्या कारखान्यात आज माझ्यासारखीच कुणीतरी उभी असेल.

उभीच म्हणायला हवं. ऐन आंब्याच्या हंगामात साहेबांनी लॅबमधलं माझं स्टूल उचलून नेलं. रसाचा ब्रिक्स (म्हणजे गोडीचं प्रमाण), आम्लता तपासत मी आठ-आठ तास उभी. शिफ्ट बदलली की ग्रुपवर निरोप सगळ्यांना, मला नाही. मग उशिरा पोचले की चारचौघांत, "झोप झाली का?" कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्यामुळे मीच फार मनाला लावून घेते, असं वाटायचं.

तुम्ही स्टोअरमधली स्वतःची खुर्ची आणून दिलीत. म्हणालात, "रडू नको गो बाय, लिहून ठेव. तारीख, वेळ, तिथे कोण होतं ते." दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला लागले. सतरा दिवसांत अकरा नोंदी. एकेक गोष्ट किरकोळ, पण ओळीने वाचल्यावर माझाच हात थरथरला.

कारखान्यातली तक्रारींची अंतर्गत समिती म्हणाली, २०१३ चा कायदा लैंगिक छळापुरता आहे, हे त्यात बसत नाही. ते खरंच होतं. नुसतं एकटं पाडण्यावर, पाणउतारा करण्यावर आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण तुम्ही थांबला नाहीत. व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज करायला लावलात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच मिळेपर्यंत टेबलासमोरून हलला नाहीत.

आधी उत्तर आलं, "सीझन संपू दे." मग तोडगा निघाला: माझी बदली पॅकिंगला. मी तर हो म्हणूनही बसले होते. बैठकीत तुम्ही विचारलंत, "तक्रार हिची, मग हलायचं हिनंच का?" आणि साक्षीला स्वतःचं नाव दिलंत. निवृत्तीला आठ महिने राहिले होते तुमच्या! तुमच्यामागून आणखी दोघी बोलल्या.

पुढे माझ्या वाचनात आलं, की हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये कामावरच्या अशाच छळाचा अभ्यास केला होता. सोसणाऱ्यालाच अडचण ठरवून बाहेर काढलं जातं, हे त्यांनी दाखवलं. स्वीडनने १९९३ मध्ये त्यावर नियमही केला. तुम्ही यातलं काही वाचलेलं नव्हतं, तरी त्या एका प्रश्नात नेमकं बोट ठेवलंत.

चौकशी झाली, साहेबांकडून लॅब काढून घेतली. शिफ्टचा तक्ता आता फळ्यावर लागतो. घशाशी आवंढा न येता मी कामाला जाते, ताई, याची किंमत मला विचारा.

मे अखेरीस तुमच्याकडे येईन. बरक्या फणसाची सांदणं मीच करून आणते, तुम्ही काही करू नका.

तुमची,
लॅबमधली बाय