‘पोर्ट’ हे नाव दौरोच्या खोऱ्याचे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पणजीपासून काणकोणपर्यंत दुकानांत गोड लाल वाइन ‘पोर्ट’ म्हणून स्वस्तात विकली जाते. पर्यटक ती गोव्याची खासियत समजून घेऊन जातात. या नावाला माझा ठाम आक्षेप आहे.

पोर्ट पिकते ती उत्तर पोर्तुगालमधल्या दौरो नदीच्या खोऱ्यात. रंग गडद दिसावा म्हणून वाइनमध्ये एल्डरबेरीचा रस मिसळणारे तिथेही होते. या भेसळीने नाव बुडू लागले, तेव्हा पोर्तुगालचा त्या काळचा बलाढ्य मंत्री मार्किस ऑफ पोंबाल याने १७५६ मध्ये त्या प्रदेशाची हद्द ठरवली आणि पुढे ग्रॅनाइटचे दगड रोवून ती आखून घेतली. जमीन कातळाची, उन्हाळा भाजून काढणारा. डोंगर फोडून बांधलेल्या पायऱ्यांवर तूरिगा नासिओनाल, तूरिगा फ्रांका, तिंता रोरिझ ही द्राक्षे वाढतात. त्यातली तूरिगा नासिओनाल तर बारीक मण्यांची, फार कमी पिकणारी. तरी रंग आणि गंधासाठी तिलाच मान. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षांचाच सुमारे ७७ टक्के मद्यार्काचा अर्क ओततात. आंबणे थांबते, गोडी टिकते.

गोव्याच्या दमट हवेत द्राक्षे पिकत नाहीत, ती बाहेरून येतात. इथली वाइन वाईट आहे असे मी म्हणत नाही. नाताळात शेजाऱ्यांकडे तीच प्रेमाने पुढे येते. तिला स्वतःचे नाव द्यावे, एवढेच.

आम्हा सत्तरीकरांना हे जास्त कळावे. हंगामात कोळंबीत, म्हणजे दगडी हौदात, बोंडू (काजूची फळे) तुडवून, रस गाळायच्या भाटीजवळ (भट्टीजवळ) रात्र काढून फेणी होते. दौरोतही काही ठिकाणी अजून दगडी हौदांत द्राक्षे पायांनीच तुडवतात. आमच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा केवढा आनंद झाला होता! उद्या लिस्बनमध्ये कोणी उसाची दारू ‘फेणी’ म्हणून विकली तर आपण गप्प बसू का?

अबकारी खात्याने नव्या लेबलांवर ‘पोर्ट’ लिहायला परवानगी देऊ नये, जुन्यांना बदलासाठी मुदत द्यावी आणि द्राक्षे कुठली, हे बाटलीवर ठळक छापायला लावावे.

आपला,
एक बागायतदार वाचक, वाळपई-सत्तरी