स्वागताआधी एक खाट : उच्च व तंत्रशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सादर नमस्कार.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होत आहे आणि थोड्याच दिवसांत राज्यातील विद्यापीठांचे कुलगुरू आपापल्या सभागृहांत नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत करतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका काढली आणि हा कार्यक्रम वेळापत्रकात आला. घरातून पहिल्यांदाच कुणी विद्यापीठाची पायरी चढत असेल, तर कुलगुरूंनी स्वतः समोर येऊन 'हा परिसर तुमचा आहे' असे सांगण्याला फार मोल आहे, असे मला मनापासून वाटते. पण हे वाक्य ऐकणाऱ्या मुलीने आदली रात्र कुठे काढली, हा प्रश्न आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पंचवीस वर्षे शिकवते आहे आणि त्यांपैकी चार वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. एका जुलैत सकाळी सातच्या सुमारास किनवटकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. रात्रभराचा एसटीचा प्रवास, पायाशी निळी पत्र्याची पेटी आणि पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकरी. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत, मुलीचा नंबर लागला होता, प्रवेश पक्का झाला होता आणि तासिका दुसऱ्या दिवसापासून होत्या. वसतिगृहाची यादी मात्र लागायची होती. ते म्हणाले, "मॅडम, पोरीला तुमच्या हवाली करून रातच्या गाडीनं परत जायचं व्हतं." मला त्या दिवशी तिला एक खाटही देता आली नाही, कारण नियमाप्रमाणे यादीत नाव नसलेल्या मुलीला खोली देण्याचा अधिकार मला नव्हता. यादी लागेपर्यंत पाच आठवडे गेले. तेवढे दिवस ती गावाकडच्या एका मुलीच्या खोलीत 'पॅरासाईट' म्हणून, म्हणजे यादीत नाव नसताना चोरून, राहिली. वसतिगृहांमध्ये हा शब्द इतका रुळला आहे की तो उच्चारताना कुणाला काही वाटत नाही. मला मात्र अजून वाटते. कुलगुरूंचे स्वागतपर भाषण झाले तेव्हा ती सभागृहात होती, आणि त्याच रात्री तपासणी होणार असल्याची कुणकुण लागल्यामुळे बहुधा ती झोपलीही नसेल.

या दिरंगाईमागे कुणाचा दुष्टावा नाही. वसतिगृहाचे प्रवेश गुणवत्ता आणि आरक्षण पाहून होतात. प्रवेशाच्या सर्व फेऱ्या आटोपेपर्यंत गुणवत्ता यादी अंतिम करता येत नाही, म्हणून कार्यालय थांबते. फेऱ्या लांबल्या की यादीही लांबते, तासिका मात्र कुणासाठी थांबत नाहीत. ज्यांची ऐपत आहे ते पालक शहरात कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्याने, जागा घेतात, अनामत भरतात आणि मेसचे आगाऊ पैसे देतात. ज्यांची नाही त्यांच्या मुली पहिल्या महिन्यातच गावी परततात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे नुसती 'गैरहजर' अशी नोंद राहते.

आपल्या विभागाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हा निर्णय मोठाच होता. माझ्या वर्गात त्याचा परिणाम मी पाहिला आहे. मात्र शुल्क माफ झाले तरी राहण्या-जेवण्याचा खर्च उरतोच, आणि त्यासाठी असलेला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून हाती पडेपर्यंत अनेकदा वर्ष सरत आलेले असते.

मुक्कामाची सोय आधी आणि शिक्षण नंतर, हा क्रम महाराष्ट्राला कुणी नव्याने शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा सर्व समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढायला हात दिला, कारण शाळा गावात नसेल तर शहरात राहण्याची सोय हेच शिक्षणाचे पहिले दार असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छताखाली आणली, तेही वसतिगृहातच.

माझे मागणे फार नाही. प्रत्येक प्रवेश फेरीच्या प्रमाणात वसतिगृहातल्या खाटा राखून ठेवाव्यात आणि प्रवेशपत्रासोबतच खोलीचे पत्र मिळावे, असा आदेश आपण सर्व अकृषी विद्यापीठांना द्यावा. ज्यांची यादी राहिली असेल त्या मुलींसाठी पहिला महिनाभर बहुउद्देशीय सभागृहात किंवा अतिथिगृहात तात्पुरती सोय करावी. त्याला गाद्या, कुलूप लागणारी कपाटे आणि रात्रपाळीची एक महिला कर्मचारी एवढे पुरे. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित झाल्यापासून महिन्याभरात खात्यावर जमा व्हावा.

आणि कुलगुरूंनाही एक विनंती आहे. भाषणाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी एकदा वसतिगृहात यावे आणि बाहेरच्या बाकावर कुणी पेटी घेऊन बसले आहे का, ते पाहावे.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका व माजी वसतिगृह रेक्टर