आप्पा रागावले नव्हते

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. तू विचारलंस, "आप्पांचे शेवटी फार हाल झाले का रे?" मी "हो" म्हणालो आणि विषय तिथंच थांबला. पण फोन ठेवल्यावर जिवाला चैन पडेना. ज्या माणसाच्या सायकलच्या नळीवर बसून तू लोणंदच्या बाजाराला गेलास, त्याच्याबद्दल तुला एवढंच कळावं, हे बरोबर नाही. वर्षश्राद्ध होऊन गेलं, पाहुणे पांगले, आता जरा निवांत आहे. म्हणून सगळं लिहायला बसलोय.

तुला आप्पा आठवत असतील ते दूध संस्थेच्या खोलीतले. पहाटे पाचला कुणाच्याही किटलीचं झाकण काढलं की नुसत्या वासावर सांगायचे, "हे वेगळं ठेव, टिकणार नाही." तीस वर्षांत त्यांचं नाक चुकलं नव्हतं. 2009च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा चुकलं. आंबटलेलं दूध चांगल्यात गेलं, सगळे कॅन परत आले आणि आप्पांना चारचौघांत बोलणी खावी लागली. घरी येऊन ते आईला म्हणाले, "मला वासच आला नाही गं." आम्ही म्हटलं, सर्दी असेल. त्याच सुमारास ते झोपेत ओरडायला, लाथा झाडायला लागले. आईला वाटलं, संस्थेचा मनस्ताप घेतलाय.

मग अक्षर बिघडलं. उत्पादकांच्या पासबुकात ओळीच्या सुरुवातीला नेहमीचं टपोरं अक्षर आणि फॅटच्या रकान्यापर्यंत जाता जाता ते मुंगीएवढं. लोक म्हातारबांचा चष्मा बदला म्हणून सांगायचे. उजवा खांदा आखडला, तर तो धरलाय म्हणून दोन वर्षं शेक आणि मालिश चालली. ही सगळी एकाच आजाराची चिन्हं होती, हे आमच्याच नाही, तपासणाऱ्यांच्याही ध्यानात आलं नाही.

आता जे लिहितोय ते मी अजून कुणाला बोललेलो नाही. 2011 साली माझ्या पोराचं बारसं झालं, तू मुद्दाम नाशिकहून कॅमेरा घेऊन आला होतास. पाळण्याशेजारी आप्पांना उभं करून तू तीनदा म्हणालास, "आप्पा, हसा की." ते हसले नाहीत. दगडासारखा चेहरा करून उभे राहिले. मला वाटलं, मी त्यांना न विचारता वाटणीचा विषय काढला होता, त्याचा राग त्यांनी नातवाच्या बारशात काढला. मी जवळजवळ वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. एका घरात, एका पंगतीत बसून.

2012मध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना दारापासून खुर्चीपर्यंत चालायला लावलं. उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा, हलतच नव्हता. मग बोटांची उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहून घेतली आणि म्हणाले, पार्किन्सन्स. नंतर मी वाचलं की 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजाराबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, ते सहाच माणसांवरून, आणि त्यातली काही तर त्यांनी नुसती रस्त्यानं जाताना पाहिली होती. आजही हा आजार मुख्यतः माणसाकडे नीट बघूनच ओळखतात. बघून ओळखायचा आजार, आणि रोज समोर बसणाऱ्या मला तो दिसला नाही.

डॉक्टरांनी समजावलं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. मग ते म्हणाले, "यांचा चेहरा ताठ झालाय. आतून हसतात, पण ते बाहेर दिसत नाही." मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "बारशाला मी हसलो होतो रे." म्हणजे वर्षभर त्यांना ठाऊक होतं मी का बोलत नाही ते.

औषधाचं सगळं मी मग अंगावर घेतलं. डोपामिनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी घड्याळ लावून, जेवणाआधी अर्धा तास. सुरुवातीला ते दुधाच्या पेल्याबरोबर घ्यायचे आणि गोळी लागूच पडायची नाही. दुधातली प्रथिनं गोळीची वाट अडवतात, हे कळल्यावर ज्या माणसानं जन्मभर दूध मोजलं त्याच्यापुढचा पेला मला उचलावा लागला. ते मुकाट्यानं पाणी प्यायले. गावात कुणी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण द्या म्हणायचे. ते खोटं नाही, त्या बियांत लेव्होडोपाच असतो, पण एका चमच्यात किती आलं ते कसं मोजणार? डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला आपल्या मनानं काही देऊ नका म्हणून बजावलं होतं, ते आम्ही पाळलं.

आणि हे तुला मुद्दाम सांगायचंय. निवांत बसले की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरायचा, माळेचे मणी ओढावेत तसा. ओट्यावर बसलेले बघून येणारे-जाणारे हात जोडायचे, आप्पा जपाला बसलेत म्हणून. मी एकदा म्हटलं, खरं काय ते सांगू का लोकांना? तर म्हणाले, "माउलीच्या नावावर जातंय ना, जाऊ दे." पण हातात टाळ दिला की थरथर ओसरायची. ती रिकाम्या हातालाच जास्त, हात कामाला लागला की कमी. आम्हाला हे कळायला फार वेळ लागला.

पुढं पुढं उंबरठ्याशी त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे व्हायचे. मोकळ्या अंगणात चालायचे आणि दारात अडकायचे. ओढलं तर तोल जायचा. 2020ला पालखी चाललीच नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला दरवर्षी होतं ते वारीतलं उभं रिंगण नाही, रस्ता सुनासुना. त्या दिवशी आप्पा सकाळपासून बाहेर चला म्हणत होते आणि दारात पाय उचलेना. दहा मिनिटं झाली. आई रडायला लागली. मी खुंटीवरचे टाळ काढले, एक जोड त्यांच्या हातात दिला, एक मी घेतला आणि "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणत ठेका धरला. तिसऱ्या आवर्तनाला त्यांचा डावा पाय उचलला. उंबरठ्यापलीकडे पडला. मग उजवा. आणि अंगणात ते नुसते चालले नाहीत, पाऊली टाकली त्यांनी. दोन पुढं, एक मागं, कमरेत वाकून, जशी दिंडीत टाकायचे तशी. माझा पोरगा टाळ्या वाजवत भोवती फिरत होता. चेहरा तसाच, दगडाचा. पण मला तोवर वाचता यायला लागलं होतं. डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुती पडायची, तेवढी बघायची. ती होती.

त्या दिवसापासून दाराशी टाळ ठेवले. ठेका ऐकला की पाय सुटतात हे डॉक्टरांनाही माहीत होतं, ते म्हणाले जमिनीवर पट्ट्या आखल्या तरी काहींना चालता येतं. आम्हाला पट्ट्यांची गरज पडली नाही.

शेवटचं दीड वर्ष अवघड गेलं. गिळताना ठसका, वजन उतरलं, संध्याकाळी कोपऱ्यात कुणीतरी बसलंय असं दिसायचं त्यांना. गेल्या कार्तिकात न्यूमोनिया झाला आणि चौथ्या दिवशी गेले. हाल झाले, हे खरंच आहे. पण तुला मी तेवढंच सांगितलं, म्हणून हे पत्र.

एक मागणं आहे. बारशाचे फोटो तू पाठवलेस तेव्हा पाळण्याशेजारचा तो एक मी पाकिटात घालून तुला परत धाडला होता, हा घरात नको म्हणून. तू कधी का म्हणून विचारलं नाहीस. तो तुझ्याकडे असेल तर पाठव. पोरगा आता चौदाचा झालाय, आणि त्याच्या बारशाला आजोबा हसले होते, ते कुठं बघायचं हे मला त्याला दाखवायचंय.

आई तुझी आठवण काढते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
गावाकडचा सोबती