नकाशात रुंदी आहे, उंची कुठे आहे? पोहरा नदीकाठच्या प्रस्तावित रस्त्याबाबत मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र राज्य.

विषय : दक्षिण नागपुरात पोहरा नदीकाठाने प्रस्तावित १८ मीटर रुंद रस्त्याला हरकत.

महोदय,

सविनय नमस्कार.

बेसा-मानेवाड्याच्या पट्ट्यात, आमच्या लेआउटच्या (शेतात प्लॉट पाडून झालेल्या वस्तीच्या) मागून, पोहरा नदीच्या काठाकाठाने १८ मीटर रुंदीचा रोड काढायचा प्रस्ताव आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली, म्हणजे मंजूर विकास योजनेत फेरबदल करण्यासाठी, नोटीस निघाली, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून आली आणि हरकतींसाठी एक महिना मिळाला. माझी हरकत मी रीतसर दिली आहे, पोच जपून ठेवली आहे. तरी हे पत्र आपल्याला लिहितो, कारण या कलमाखालच्या फेरबदलाला शेवटची मंजुरी राज्य शासनाची लागते. फाइल आज ना उद्या आपल्या टेबलावर येणार. ती येईल तेव्हा तिच्यात काय नसेल, ते आधीच कानावर घालून ठेवावे म्हणतो.

फाइलमध्ये रोडची लांबी आहे, रुंदी आहे, कोणत्या खसऱ्यातली (सर्व्हे नंबरातली) किती जागा जाते त्याचा तक्ता आहे. रोड आजच्या जमिनीपासून किती उंच होणार, हे कुठेच नाही.

मी एका खासगी बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेन चालवण्यापासून ऑटोकॅडपर्यंत सगळे केले. या कामात शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे वरून पाहिलेला नकाशा भांडण लावायला पुरतो, काम करायला पुरत नाही. कामाला छेद लागतो, म्हणजे जमीन कापून बाजूने पाहिल्यासारखे उंची-खोली दाखवणारे चित्र, उभे आणि आडवे. साधे दोन खोल्यांचे घर बांधायला घेतले तरी मिस्त्री आधी विचारतो, साहेब, पाणी कुकडे काढायचं? इथे शेकडो घरांच्या पाठीमागून रोड जाणार आहे आणि हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

जागेची रचना थोडक्यात सांगतो. आमचा लेआउट उतारावरच्या शेतात पडला. वरच्या अंगाला आणखी चार-पाच लेआउट आहेत. पावसाचे सगळे पाणी आमच्या गल्ल्यांमधून खाली येते, शेवटच्या ओळीतल्या घरांच्या मागे जमते आणि मधला मोकळा पट्टा ओलांडून पोहऱ्यात उतरते. नाल्या आहेत, पण मोठ्या पावसात त्यांना कोण विचारतो? पाणी आपल्या जुन्या वाटेनेच जाते. आता नेमक्या त्या मोकळ्या पट्ट्यावर रोडची आखणी आहे.

जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इकडच्या जुन्या घरांच्या भिंतींना तिरप्या चिरा का आहेत, हे कोणताही ठेकेदार सांगेल. अशा मातीवर थेट रोड टिकत नाही. वरची माती काढून मुरूम भरावा लागतो, त्यावर खडीचे थर, मग काँक्रीट. शिवाय नदीकाठचा रोड पुरात वाहून जाऊ नये म्हणून त्याचा पाया पुराच्या सर्वोच्च पातळीच्या वर ठेवावा लागतो. अभियंत्यांचा नियमच तो, आणि बरोबरही आहे. पण त्याचा अर्थ लावून पाहा. नदी एका बाजूला, रोड पुराच्या वर, आणि आमची घरे दुसऱ्या बाजूला आज जिथे आहेत तिथेच. रोड जितका नियमाने होईल तितका तो आमच्यासाठी बांध होईल. पट्ट्यावरून जाणारे पाणी अडेल आणि लेआउटची परात होईल.

हे घरबसल्या केलेले अनुमान नाही. याच रोडचा एक तुकडा मागच्या वस्तीत आधीच झालेला आहे. तो पोहऱ्याच्या काठाशी येऊन एकदम थांबतो, टोकाला सळया तशाच बाहेर. त्या टोकापासून आम्ही एका मिस्त्रीला घेऊन लेव्हल पाइप लावला. पारदर्शक नळी, आत पाणी, एक टोक तिकडे काँक्रीटच्या काठावर धरलेले, दुसरे आमच्या शेवटच्या ओळीतल्या घरांच्या भिंतीला. नळीतले पाणी स्थिरावले की मिस्त्री भिंतीवर खडूने रेघ ओढायचा. पहिल्या घरी रेघ ओट्याच्या दीड फूट वर आली. पुढच्या घरी खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेला लागली. त्या घरातल्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे रोडवरून जाणाऱ्याचे पाय माह्या खिडकीतून दिसतीन का?’ रेघा अजून पुसल्या नाहीत, मुद्दाम ठेवल्या आहेत. रोड त्याच पातळीने पुढे आला तर काय होईल, ते बघायला अभियंता लागत नाही.

नागपूरकराला या दुखण्याची ओळख आहे. सिमेंट रोडच्या कामांत जुना डांबरी थर नीट न खरवडता वर काँक्रीट चढवल्याच्या तक्रारी शहरभर आहेत. रोड वर गेला, घरे खाली राहिली. लोकांनी फाटकाच्या खाली वीतभर सिमेंटची पाळ बांधली, मग त्या पाळीवरून स्कूटर निघेना म्हणून लाकडी फळी टाकली. ती फळी रोज सकाळी टाकायची आणि रात्री उचलायची, हा अर्ध्या नागपूरचा नित्यक्रम झाला आहे. ही उंची कोणी ठरवली, कोणाच्या सहीने ठरली, हे विचारले की उत्तर येत नाही. कारण उंची ठरवली गेलेलीच नसते, ती होऊन जाते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्याला आठवत असेल. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनीतल्या तळमजल्यांत शिरले. झाशी राणी चौकात, मोरभवन बसस्थानकात पाणी होते. लोक झोपेत होते. ही वस्ती झोपडपट्टी नव्हती, लेआउट मंजूर होते, नकाशे मंजूर होते. त्यानंतर सगळे म्हणू लागले की पाण्याची वाट अडवू नका. आमचा पोहरा नागनदीएवढा प्रसिद्ध नाही, सहकारनगराकडून येतो आणि हुडकेश्वरकडे निघून जातो, नाला समजून लोक त्याच्यात कचरा टाकतात. पण पावसाला हे ठाऊक नसते.

आता प्रक्रियेबद्दल. रोडचा छेद दाखवा, पूररेषा दाखवा, मोऱ्या, म्हणजे रोडखालून पाणी काढून द्यायच्या वाटा, किती आणि कुठे ते दाखवा, असा अर्ज मी माहितीच्या अधिकारात केला. उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस आहेत. हरकतीला मुदत एक महिना. गणित सरळ आहे : ज्या माहितीवर हरकत घ्यायची, ती मिळेपर्यंत हरकतीची मुदत संपते. आमच्या बाबतीत तसेच झाले. उत्तर आले तेही एका ओळीचे, की सविस्तर आराखडा तयार झालेला नसल्याने माहिती उपलब्ध नाही. आराखडाच नसेल तर जागा १८ मीटरच लागेल हे कसे ठरले? भराव उंच झाला तर त्याच्या उतारालाही जागा लागते. ती कुठून येणार? नदीच्या पात्रातून की आमच्या मागच्या अंगणातून?

आणि कलम ३७ योजनेचे मूळ स्वरूप न बदलणाऱ्या फेरबदलासाठी आहे. आम्ही त्याला किरकोळ फेरबदल म्हणतो, आपले अधिकारीही तसेच म्हणतात. नदीकाठचा मोकळा पट्टा जाऊन तिथे रोड येणे किरकोळ कसे, हे सुनावणीत समजावून सांगावे, एवढीच अपेक्षा होती. सुनावणी झाली. प्रत्येकाला दोन-चार मिनिटे मिळाली, समोरचे गृहस्थ मान हलवत होते, बाजूचा लिपिक लिहीत होता. काय लिहिले ते वाचून दाखवा म्हटल्यावर ‘नंतर कळवू’ असे उत्तर मिळाले. अजून कळलेले नाही.

आमच्या लेआउटमध्येही एकमत नाही, हे सांगितलेले बरे. रोड झाला तर मागच्या ओळीच्या प्लॉटला दुसरे तोंड मिळेल, खाली दुकाने निघतील, भाव वाढेल. दलालांचे फोन सुरू झाले आहेत. मलाही एकाने विचारले, दादा, विकायचं असंन तर आताच सांगा, मग रेट वेगळा राहीन. माझी एक वीतही जमीन या रोडमध्ये जात नाही. पैशाच्याच हिशोबाने बघितले तर मी गप्प बसायला हवे होते. माझा एक सख्खा शेजारी रोडच्या बाजूने आहे आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. बेसा, घोगलीकडे वस्ती झपाट्याने वाढली. मुलांच्या शाळेच्या वेळी तिकडून शहरात यायचे म्हणजे जीव नकोसा होतो, आणि जोराचा पाऊस झाला की नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबून तोही मार्ग बंद. त्या लोकांना रोड पाहिजे. आम्हालाही पाहिजे. गुंठेवारीच्या, म्हणजे प्लॉट नियमित करून घ्यायच्या रांगेत उभे राहून, डिमांडचे पैसे भरून, आरएल म्हणजे नियमितीकरणाचे पत्र हातात घेतलेली ही वस्ती आहे. मुरमाच्या गल्लीतून गाळ तुडवत ज्यांची मुले मोठी झाली, त्यांना विकासविरोधी म्हणणे जरा जास्तच होते.

प्रश्न हा आहे की कागदावर आधीपासून असलेले रोड का होत नाहीत. २००० साली मंजूर झालेल्या विकास योजनेतला जुना भंडारा रोड घ्या, महालातला केळीबाग रोड घ्या. रुंदीकरणाची रेघ कागदावर आली आणि लोक वर्षानुवर्षे वाट बघत बसले. तिथल्या दुकानदारांची एक पिढी ‘आज होईल, उद्या होईल’ यात गेली. आमच्याकडेही अर्धवट सुटलेले डीपी रोड, म्हणजे विकास योजनेतले रोड, आहेत. कुठे मधे एक घर आडवे आहे, कुठे भूसंपादनाचा मोबदला अडला आहे. ते तुकडे जोडले तर बेसाकडून येणाऱ्यांचा बराच भार हलका होईल. पण त्यासाठी मोबदला मोजावा लागतो, कोर्टकचेरी करावी लागते. नदीकाठ त्या मानाने सोपा. तिथे भांडायला कोणी उभे राहत नाही, असे कोणाला वाटले असावे.

झाडांबद्दल मी फार बोलणार नाही. पट्ट्यावर बरीचशी सुबाभूळ आणि बाभूळ आहे. पण तीन-चार कडुनिंब लेआउट पडायच्या आधीपासूनचे आहेत. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडायचे तर त्याच्यावर नोटीस डकवावी लागते. ती डकवतील तेव्हा आम्ही पुन्हा येऊच. आवाज, धूर, रात्री धावणारे टिप्पर, हे सगळे नेहमीचे आहे. त्यावर सगळेच बोलतात, मी बोलत नाही.

मोऱ्यांवर मात्र बोलतो, कारण ‘भरावाखालून पाइप टाकू ना’ हे उत्तर तयार असणार. आमच्याच लेआउटच्या खालच्या अंगाला एक मोरी आहे, दोन ह्यूम पाइपांची, म्हणजे सिमेंटच्या गोल नळ्यांची. गेल्या पावसाळ्याआधी सफाईवाले आले तेव्हा एका पाइपात गादी निघाली. कापसाची, पाणी पिऊन दगड झालेली. ती काढायला जेसीबी लागला. तिच्या मागे थर्माकोलचे मखर, नारळ आणि प्लॅस्टिकचा गोळा. दुसऱ्या पाइपात निम्म्यापर्यंत गाळ होता आणि तो तसाच राहिला, कारण जेसीबीचा वेळ संपला. तेव्हा रोड करायचाच असेल तर पाइपांच्या भरवशावर नको. माणूस वाकून आत जाऊ शकेल, यंत्र लागेल, अशा चौकोनी मोऱ्या पाहिजेत. त्यांची संख्या वरच्या सगळ्या लेआउटांचे पाणी मोजून ठरवावी. हिशोब करायला बाहेरून कोणी आणायची गरज नाही. व्हीएनआयटीसारखी अभियांत्रिकी संस्था याच शहरात आहे.

मंजुरी देण्याआधी आपण प्रस्ताव परत पाठवून उभे-आडवे छेद मागवावेत, त्यावर पोहऱ्याची निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा काढून घ्यावी, आणि मग नव्याने हरकती मागवाव्यात. अर्धवट राहिलेल्या डीपी रोडची यादी सोबत जोडायला सांगावी, म्हणजे कोणते काम स्वस्तात आणि कमी नुकसानीत होते ते दिसेल. नव्या सुनावणीसाठी आम्हाला कार्यालयात बोलावण्यापेक्षा अधिकाऱ्यांना लेआउटमध्ये पाठवा. भिंतींवरच्या खडूच्या रेघा तिथेच आहेत.

आपण हिवाळी अधिवेशनाला नागपूरला येता. रविभवनाकडचे रोड त्या आठवड्यात गुळगुळीत होतात, दुभाजकांना नवा रंग लागतो, आम्हालाही बरे वाटते. पण कृपा करून डिसेंबरात पोहरा बघायला येऊ नका. तेव्हा त्यात घोट्याएवढे पाणी असते आणि त्याच्या काठाने रोड काढण्यात कोणालाच काही चूक दिसणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या दिवशी या, आगाऊ न कळवता आलात तर उत्तम. छेदाचे कागद तोपर्यंत तयार झाले असतील तर सोबत आणा. ते बघून आमच्यातले काही जण हरकत मागे घेतील, काहींची हरकत पक्की होईल. मी यातल्या कोणत्या गटात असेन ते रोडच्या उंचीवर अवलंबून आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
पोहरा नदीकाठचा एक रहिवासी,
दक्षिण नागपूर